भिंती पाहायला आलेले प्रेक्षक

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला आणि रंगमंचावरील नटाच्या तोंडून पहिले वाक्य बाहेर पडताच माझ्या मागच्या रांगेतील एक गृहस्थ शेजाऱ्याला कोंकणीत म्हणाले, "आयकूंक येता," म्हणजे ऐकू येते आहे. त्यांच्या स्वरात समाधान होते आणि थोडे आश्चर्यही होते. आजूबाजूच्या चारपाच जणांनी मान डोलावली. ते पहिले वाक्य काय होते, हे मला आज आठवत नाही, आणि मान डोलावणाऱ्यांपैकी कोणालाही ते आठवत असेल असे वाटत नाही. नटाने महिनोन्‌महिने तालीम करून घडवलेले ते वाक्य आम्ही सर्वांनी केवळ आवाज म्हणून तपासले आणि पुढे जाऊ दिले. घरी परतल्यावरही ते दोन शब्द माझ्या मनातून जाईनात. नाटकाच्या पहिल्या वाक्याला मिळालेली ती दाद नव्हती, परंतु तिला उदासीनताही म्हणता येत नव्हते. मग ती नेमकी कसली प्रतिक्रिया होती, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे.

पणजीच्या कांपालमधील कला अकादमीची वास्तू पुन्हा खुली झाल्यानंतर मी तेथे पाहिलेला तो पहिला प्रयोग होता. २०२१ साली नूतनीकरणासाठी तिची दारे बंद झाली, जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाच्या छताचा भाग कोसळला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये दारे पुन्हा उघडली. मधल्या काळात गोव्यात कलेशी संबंध असलेल्या आणि नसलेल्याही प्रत्येकाने या वास्तूविषयी काही ना काही मत बनवले होते. त्यामुळे त्या संध्याकाळी आत येणारा माणूस खुर्ची शोधण्याआधी वर पाहत होता. माझ्यापुढे चाललेल्या एका बाईंनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग भिंतीवरून फिरवला. एक तरुण जोडपे छताकडे बोट दाखवून हळू आवाजात बोलत होते. माझ्याबरोबर आलेल्या काकीने तर बसण्यापूर्वी मागे वळून संपूर्ण प्रेक्षागृह डोळ्यांखालून घातले. इस्पितळातून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेल्यावर त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या चेहऱ्यावरच आपले लक्ष अधिक असते, तसे आम्हा सगळ्यांचे झाले होते.

नाटक कोणते आहे, याची चौकशी त्या अर्ध्या तासात माझ्या कानांवर एकदाही आली नाही.

या वास्तूशी गोव्यातील माणसाचे नाते तिकीट काढून आत जाण्यापुरते कधीच नव्हते. चार्ल्स कोरिया यांनी ती रचताना रस्ता आणि मांडवी यांच्यामध्ये अडसर उभा केला नाही. १९८३ साली ती पूर्ण झाली, तेव्हापासून रस्त्यावरून आत शिरणारा माणूस मोठ्या मंडपाच्या सावलीतून, कोणतेही दार न ओलांडता, थेट नदीकाठापर्यंत जाऊ शकत असे. मी महाविद्यालयात असताना आम्ही मैत्रिणी कित्येकदा नाटक नसतानाही तेथे जाऊन बसत असू. कोठल्या तरी खोलीतून तबल्याचा रियाज ऐकू येई, कठड्यावर कोणी संहिता घेऊन पाठांतर करीत असे, आणि भरतीच्या वेळी नदीचा खारट वास थेट पायऱ्यांपर्यंत येई. इमारत उंच नसल्यामुळे तिचे दडपण वाटत नसे. फोंड्याकडच्या आमच्यासारख्या खेड्यांतून आलेल्या मुलींना शहरातील कोणत्याही मोठ्या वास्तूत शिरताना जो संकोच होत असे, तो येथे झाला नाही, आणि याचे श्रेय मी त्या नसलेल्या दाराला देते. जी जागा आपल्याला असे मुक्तपणे आत घेते, तिच्या दुरुस्तीची बातमी वर्तमानपत्रात वाचताना माणूस तटस्थ राहू शकत नाही.

प्रेक्षागृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे आणि त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी चितारलेले प्रेक्षक आहेत. बाहेरच्या वाचकांना हे कदाचित ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बाजूच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहातील सज्जांचा आभास निर्माण केलेला आहे आणि त्या सज्जांत मारियोंच्या रेषेतील गोंयकार बसलेले आहेत. दिवे लागलेले असतात तोवर ते आपल्याबरोबर असतात, आणि दिवे मंद होत गेले की तेही अंधारात मिसळून जातात. लहानपणी मी प्रथम तेथे गेले, तेव्हा नाटकापेक्षा मला या चित्रांतील माणसांचे नवल अधिक वाटले होते. त्यांच्यापैकी बरेच जण आमच्या ओळखीचे वाटत. प्रेक्षक हाही नाट्यगृहाचा भाग आहे, ही गोष्ट एखाद्या चित्रकाराने इतक्या स्पष्टपणे भिंतीवर मांडून ठेवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. म्हणूनच त्या संध्याकाळी असंख्य नजरा आधी त्या भिंतींकडे वळल्या, यात काहीच नवल नव्हते. लोक आपल्याच पूर्वीच्या रूपाची खुशाली विचारत होते.

गोव्याचा मराठी प्रेक्षक घडला तो मात्र अशा प्रेक्षागृहात नव्हे, देवळाच्या प्रांगणात. जत्रेच्या रात्री आमच्या गावात नाटक होई. दुपारपासूनच मुले चटया आणि घोंगड्या टाकून जागा अडवून ठेवीत. पडदा वर जायला मध्यरात्र उलटून जाई आणि शेवटच्या अंकात कावळे ओरडू लागत. नट म्हणजे गावातीलच शिक्षक, टपालवाले, बागाईतदार. स्त्रीभूमिका करणाऱ्या एका काकांचा सोज्वळ अभिनय माझी आई अजूनही वाखाणते. प्रवेश रंगला की मध्येच कोणी तरी रंगमंचाच्या कडेला जाऊन चिठ्ठी देई, आणि नाटक थांबवून अमक्या नटाला तमक्याकडून बक्षीस जाहीर होई. पदाला वन्स मोअर मिळे आणि गायक नट खरोखरच ते पुन्हा म्हणे. प्रेक्षक बोलत, हसत, खलपात्राला उघड शिव्या देत, मुलांना थोपटत आणि तरीही प्रत्येक वाक्य त्यांच्या कानांपर्यंत पोहोचत असे, कारण नाटक त्यांना जवळजवळ पाठ असे. जांबावलीच्या गुलालोत्सवातील नाटकांना जाऊन आलेली माणसे पुढचे कित्येक दिवस कोणत्या नटाने कोणते वाक्य कसे टाकले, यावर वाद घालीत. ध्वनिव्यवस्था बेताची, बसायला जमीन आणि डोक्यावर आकाश. त्या प्रेक्षकाला कोणी विचारले असते की, नाट्यगृह कसे आहे, तर त्याला तो प्रश्नच कळला नसता.

कला अकादमीने या प्रेक्षकाला अंधारात शांत बसायला शिकवले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कुजबुजलेले वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू शकते, नटाने नुसता श्वास रोखून धरला तरी तो जाणवतो, दिव्याचा एक कोन बदलल्याने दुःखाची छटा बदलते, हे आम्ही तेथे शिकलो. जत्रेत नाटक करणारी मुले तेथील नाट्यस्पर्धा पाहून गावी परतत आणि पुढच्या वर्षी गावच्या रंगमंचावर काळा पडदा लावून दोन स्पॉटच्या प्रकाशात काही तरी वेगळे करून पाहत. गावातील जुनी मंडळी कुरकुर करीत, पण पाहत. दोन्ही प्रकारचे पाहणे आमच्यात एकाच वेळी नांदत होते. बंद असलेल्या वर्षांत नाटके थांबली नाहीत. ती फोंड्याच्या राजीव गांधी कलामंदिरात झाली, साखळी आणि मडगावच्या रवींद्र भवनांत झाली, आणि आम्हा फोंडेकरांना तर त्यामुळे रात्रीचा परतीचा प्रवासही वाचला. तरीही नाटक संपल्यावर बाहेर पडताना कोणी ना कोणी कांपालची आठवण काढीच.

आता आवाजाविषयी. त्या रात्री प्रत्येकाचे कान तिकडेच लागलेले होते, आणि त्याला कारणही होते. वास्तू खुली झाल्यानंतर ध्वनी आणि प्रकाश यांच्या व्यवस्थेविषयी रंगकर्मींनी जाहीरपणे तक्रारी मांडल्या होत्या, वर्तमानपत्रांतून त्यावर बरेच लिहून आले होते, आणि पुढे त्या तक्रारींचा विचार करण्यासाठी जाणकारांचे कृतिदलही नेमले गेले. नाट्यगृहाचा आवाज ही यंत्र बसवून मिळणारी वस्तू नाही. तो भिंतींच्या पृष्ठभागातून, खुर्च्यांच्या कापडातून, छताच्या कोनांतून आणि शेवटी बसलेल्या माणसांच्या अंगांतून घडतो. रिकामे प्रेक्षागृह घुमते, भरलेले प्रेक्षागृह आवाज पिऊन टाकते. शिवाय संवादासाठी आवाज लवकर विरावा लागतो, नाही तर एका शब्दावर दुसरा शब्द चढतो. गाण्यासाठी मात्र तोच आवाज क्षणभर रेंगाळावा लागतो, नाही तर तान कोरडी पडते. संगीत नाटकाला या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी, कधी कधी एकाच प्रवेशात हव्या असतात. ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोर, गायक नट कधी पुढे तर कधी पाठमोरा, आणि पद संपते तेथेच संवाद सुरू होतो. यापेक्षा कठीण परीक्षा कोणत्याही वास्तूची होत नाही. म्हणून मागच्या रांगेतील त्या गृहस्थांनी पहिल्याच वाक्याला दिलेला निर्वाळा अर्धवट होता. खरी परीक्षा अजून व्हायची होती.

नाटक होते 'मत्स्यगंधा', एका हौशी संस्थेने बसवलेले. आमच्यासाठी उद्घाटनाचे नाटक तेच. गोव्यातील माणसाला हे नाटक घरचे वाटते, आणि तसे वाटण्याचा त्याला हक्क आहे. वसंत कानेटकरांचे हे नाटक १९६४ साली प्रथम रंगमंचावर आले, ते गोवा हिंदू असोसिएशनने आणलेले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे. मूळ संचातील पराशर रामदास कामत म्हापशाचे, आणि सत्यवती झालेल्या आशालता वाबगावकर याही गोव्याच्याच. आशालताबाई २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेल्या, रामदास कामत २०२२ च्या जानेवारीत. कामत गेल्याची बातमी आली, तेव्हा कांपालची दारे बंद होती. ज्या माणसांच्या आवाजाने हे नाटक आमच्या घराघरांत पोहोचवले, ती दोघेही नसताना आणि ही वास्तू नव्याने उभी राहत असताना हेच नाटक निवडणाऱ्या त्या संस्थेच्या मुलांचे मला मनापासून कौतुक वाटते. नदीकाठच्या धीवरकन्येची ही कथा मांडवीच्या काठावर ऐकताना जी एक जवळीक जाणवते, तिचा उल्लेख कोणी केला नाही, पण ती तेथे होती.

पहिल्या अंकात प्रेक्षक विभागलेले होते. एका बाजूला वास्तू बिघडली आहे, असे आधीच ठरवून आलेले लोक होते. प्रत्येक खरखर त्यांना पुरावा वाटत होती. प्रकाश किंचित उशिरा आला की ते शेजाऱ्याकडे पाहत, जरी तो उशीर दिवे हाताळणाऱ्या कोवळ्या मुलाचाही असू शकला असता. दुसऱ्या बाजूला, इतक्या वर्षांनी जागा परत मिळाली आहे तर आता कशाला दोष काढायचे, असे म्हणणारे होते, आणि ते संवाद हरवला तरी तो ऐकू आल्याचे सांगत होते. दोन्ही बाजूंचे लोक प्रामाणिक होते आणि दोन्ही बाजूंना ही वास्तू प्रिय होती. परंतु दोघेही नाटक ऐकत नव्हते. रंगमंचावर सत्यवती आणि पराशर यांच्यात जे घडत होते, त्याच्याकडे पाहायला उरलेले आम्ही थोडे जणही खरे तर या दोन गटांकडेच पाहत होतो. मला त्या नट-नट्यांची काळजी वाटू लागली. समोर एवढे भरलेले प्रेक्षागृह आहे आणि त्यातील प्रत्येक नजर आपल्या डोक्याच्या वरून जाते आहे, हे नटाला नक्कीच जाणवते.

मग 'गुंतता हृदय हे' सुरू झाले.

पराशराचे काम करणारा तरुण सावध होता. पहिल्या ओळीत त्याने आवाज जपून लावला, जणू तोही प्रेक्षागृहाची परीक्षाच घेत होता. ऑर्गनवर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. दुसऱ्या आवर्तनात त्याने स्वर मोकळा सोडला आणि तो स्वर कोठून कोठे गेला, कोणत्या कोपऱ्यात क्षीण झाला, याची मोजदाद करण्याचे कोणाला सुचले नाही. सुरुवातीला काकी गुणगुणू लागली, मग माझ्या डाव्या बाजूच्या बाई, आणि मग मागून एक पुरुषी, किंचित बेसूर आवाज आला. तो पहिल्या वाक्याला निर्वाळा देणाऱ्या गृहस्थांचाच होता. आमच्या गावच्या जत्रेतील प्रेक्षक त्या क्षणी कांपालच्या अंधारात येऊन बसला, एवढेच मी म्हणू शकते. पद संपले तेव्हा "वन्स मोअर" असा आवाज वरच्या रांगांतून आला आणि टाळ्या थांबेनात. तरुणाने क्षणभर विंगेत पाहिले, बहुधा दिग्दर्शकाकडे, आणि मग तो पुन्हा पहिल्या ओळीवर आला. नाट्यशास्त्राच्या शिस्तीत हे बसत नाही, हे मला ठाऊक आहे. कथानक थांबते, पात्र विरून जाते आणि उरतो तो गायक. तरीही त्या रात्री ते व्हायला हवे होते, असे माझे मत आहे. त्या वन्स मोअरने प्रेक्षकांनी वास्तूवरची नजर काढून प्रथमच माणसावर ठेवली, आणि पुढच्या अंकांत ती तेथून हलली नाही.

शेवटी सत्यवती भीष्मापुढे उभी राहते आणि ज्या प्रतिज्ञेने तिला राज्य मिळाले, तीच मोडण्याची याचना त्याला करते. त्या प्रवेशात एका नटाचे एक वाक्य खरोखरच नीट ऐकू आले नाही. तो पाठमोरा वळला होता. मी मागे वळून पाहिले नाही, पण कोणी काही बोललेही नाही. ते वाक्य आम्ही आपापल्या मनाने भरून घेतले असावे.

नाटक सुटल्यावर मंडपाखाली लोक घोळक्याने उभे होते आणि पुन्हा वास्तूविषयी बोलणे सुरू झाले. खुर्च्यांतील अंतर, स्वच्छतागृहे, जिन्यांवरचा उजेड, सभोवतालचा रंग. मला ते प्रथम खटकले. इतका चांगला प्रयोग पाहून आल्यावर माणसे खुर्च्यांविषयी कशी बोलू शकतात, असे वाटले. पण ऐकत राहिले तसे ध्यानात आले की, बोलणाऱ्यांतील बहुतेक जण साठीच्या पुढचे होते. गुडघे दुखत असलेल्या माणसासाठी तीन अंकी नाटक ही तीन तासांची बैठक असते, आणि मधुमेह असलेल्या माणसासाठी मध्यंतराची दहा मिनिटे फार महत्त्वाची असतात. एक आजी सांगत होत्या की, पायऱ्यांच्या भीतीने त्यांनी नाटकांना येणे सोडले होते आणि आज नातवाने हट्टाने आणले. त्यांचे जिन्याविषयीचे मत हे त्यांचे नाटकाविषयीचेच मत होते, कारण जिना नीट असेल तर पुढचे नाटक त्या पाहणार होत्या. समीक्षेत या गोष्टी येत नाहीत. त्या याव्यात असे मला आता वाटते.

तरीही मनाचे दोन तुकडे राहिलेच. चांगले नाट्यगृह ते, जे दिवे मंद झाल्यावर प्रेक्षकाच्या लक्षातून निघून जाते. त्या रात्री पदाच्या वेळी ते निघून गेले, याचा मला आनंद आहे. पण लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली आणि दुरुस्त झालेली वास्तू लोकांच्या लक्षातून पूर्णपणे जाणे मला मान्य होण्यासारखे नाही. छताकडे वळलेल्या त्या नजरांमुळेच तर तिच्या दुरुस्तीचा प्रश्न गोव्यात जिवंत राहिला. ज्या कलाकारांनी कडवटपणा पत्करून तक्रारी लिहिल्या, ज्यांनी सभांत उभे राहून प्रश्न विचारले, त्यांना काही लोक असंतुष्ट म्हणत. ते असंतुष्ट नसते तर आज कोण काय तपासत असते, कुणास ठाऊक. गुणगुणणारे आणि छताकडे पाहणारे गृहस्थ एकच होते, आणि माझ्या मते प्रेक्षक असाच असावा. पहिल्या वाक्याला मागून आलेल्या त्या दोन शब्दांचा मला लागलेला अर्थ हा इतकाच आहे: त्यांना पुढचे ऐकायचे होते, म्हणून त्यांनी आधी खात्री करून घेतली.

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरचे भाऊ भेटले. जत्रेच्या नाटकांत त्यांनी आयुष्यभर विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केले, त्यामुळे गावातील कोणत्याही नटापेक्षा त्यांना अधिक नाटके पाठ आहेत. आता ते घराबाहेर फारसे पडत नाहीत. मी कांपालला जाऊन आल्याचे त्यांना कळले होते, म्हणून मी त्यांना नव्या खुर्च्या, भिंती आणि आवाज यांचे वर्णन सांगू लागले. दोन वाक्ये त्यांनी ऐकून घेतली आणि मग हात वर करून मला थांबवले. "तें सोड," ते म्हणाले. "देवव्रताचें काम कोणें केलें?" मी सांगितले. प्रतिज्ञेचा प्रवेश पूर्ण केला की कापला, असे त्यांनी विचारले. वेळेसाठी थोडा कापला होता, असे मी म्हणताच त्यांचा चेहरा लाल झाला. त्या प्रवेशातील कोणती वाक्ये कापता येतात आणि कोणती कापली तर पुढचा सारा अंक लुळा पडतो, हे त्यांनी मला तेथेच, ओसरीवर उभे राहून, सत्यवतीची आणि भीष्माची दोघांचीही वाक्ये म्हणत समजावून सांगायला सुरुवात केली, आणि सुनेने जेवायला तीनदा हाक मारली तरी ते थांबले नाहीत.